राईडमध्ये बसायचे की खेळायचे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सुट्टीत थीम पार्कला जाऊन आलेल्या आणि जाण्याच्या बेतात असलेल्या वाचकांची काही पत्रे या महिन्यात एकाच विषयावर आली. राईडमध्ये प्रवाशाला काही करायला द्यावे की त्याला निवांत बसू द्यावे, हा तो विषय. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : गेल्या वर्षी मी, पत्नी, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात असे आम्ही पाच जण परदेशातील एका मोठ्या थीम पार्कला गेलो होतो. तेथील एका राईडमध्ये गाडीत बसताच प्रत्येकाच्या पुढ्यात एक बंदूक आली आणि दिसेल त्या लक्ष्यावर नेम धरत पुढे जायचे होते. नातीने गुणांचा डोंगर रचला. मी मात्र सारा वेळ समोरचा आकडा वाढतो की नाही हेच पाहत राहिलो, आणि बाहेर आल्यावर सुनेने ‘बाबा, तो शेवटचा मोठा राक्षस पाहिलात ना?’ असे विचारले तेव्हा मला काहीच सांगता येईना. त्याच उद्यानातील एका जुन्या राईडमध्ये हातावर हात ठेवून जे पाहिले, ते आजही लख्ख आठवते. नातीचे मत अगदी उलट आहे. ‘आजोबा, त्यात आपण नुसतेच बसतो!’ असे ती म्हणते. राईडने प्रवाशाच्या हाती काही द्यावे का, की ते काम व्हिडिओ गेमवर सोडून द्यावे? — एक आजोबा, ठाणे

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे आणि नातीचीही. माझा कौल मागितला आहे म्हणून सांगतो : प्रवाशाला काहीतरी करू द्यावे, यात गैर काहीच नाही, पण त्याने जे केले त्याचा परिणाम त्याच्या अंगाला जाणवला पाहिजे, नाहीतर डोळ्यांपुढे घडणाऱ्या गोष्टीत दिसला पाहिजे. तो परिणाम फक्त गाडीतल्या आकड्यात दिसत असेल, तर एवढ्या खर्चाने उभारलेला देखावा बघायला राईड स्वतःच आपल्याला सवड देत नाही, असे म्हणावे लागेल.

ही कल्पना संगणकाबरोबर आली, असा एक समज आहे आणि तो बरोबर नाही. अमेरिकेतील जुन्या मेरी-गो-राउंडवर बाहेरच्या रांगेतील घोड्यावर बसणारा प्रवासी फिरता फिरता हात लांब करून खांबावरच्या यंत्रातून कडी ओढून घेत असे, आणि लोखंडी कड्यांमधली एखादी पितळी कडी हाती लागली तर त्याला पुढची फेरी फुकट मिळे. कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या समुद्रकिनारी 1911 सालचे असे चक्र अजून फिरते आणि तेथे कडी घेऊन ती विदूषकाच्या चित्राच्या तोंडात फेकायची असते. पेन्सिल्व्हेनियातील क्नोबेल्स या जुन्या उद्यानातही पितळी कडीची प्रथा टिकून आहे. आपल्याकडच्या जत्रेतील डॅशिंग कारही याच कुळातली. तिच्यात सुकाणू आपल्या हाती असते आणि धडक कोणाला द्यायची हे आपण ठरवतो. तिला गुणफलक लागत नाही, कारण धडकेचा हिशोब हाडांना लगेच कळतो.

याच क्नोबेल्समध्ये जुन्या घडणीचे ‘फ्लायर्स’ नावाचे पाळणे आहेत. मधल्या खांबाला लोखंडी दोरांनी टांगलेले हे पाळणे गोल फिरतात आणि प्रत्येक पाळण्याच्या पुढच्या टोकाला शिडासारखा एक मोठा पत्रा असतो. तो पत्रा प्रवाशाने डावी-उजवीकडे वळवला की वारा त्यावर आदळून पाळणा बाहेर झेपावतो किंवा आत येतो. नवखा माणूस साधी फेरी मारून उतरतो. सरावलेला माणूस मात्र योग्य क्षणी पत्रा वळवून दोर असा सैल सोडतो की तो पुन्हा ताणला जाताना कडाड् असा आवाज होतो. तो आवाज काढता यावा म्हणून लोक पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहतात. सहभाग कसा असावा याचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. येथे पडदा, चष्मा, गुण यांपैकी काहीही नाही. कौशल्याला मात्र भरपूर वाव आहे, आणि ज्याला ते जमत नाही त्याचीही फेरी वाया जात नाही. डिस्नेलँडमधील चहाच्या कपांचे चक्र 1955 पासून याच तत्त्वावर चालले आहे. कपाच्या मधोमध असलेली चकती जितकी जोरात फिरवावी तितका कप गरगरतो, आणि पोटात कालवाकालव होऊ लागली की हात सोडून देण्याचे स्वातंत्र्यही आपल्याकडेच असते.

आता आपल्याला आठवणाऱ्या त्या जुन्या राईडकडे येऊ. आपण नाव दिलेले नाही, पण 1960 च्या दशकात डिस्नेच्या अभियंत्यांनी विकसित केलेल्या ‘ऑम्निमूव्हर’ पद्धतीची ती असावी, असा माझा तर्क आहे. या पद्धतीत एकमेकींना जोडलेल्या गाड्यांची अखंड साखळी न थांबता फिरत असते आणि प्रत्येक गाडी ठरल्या जागी ठरल्या बाजूला वळते. आपण कोणत्या क्षणी काय पाहायचे, हे पूर्णपणे रचनाकाराच्या हाती असते. 1969 साली डिस्नेलँडमध्ये सुरू झालेली ‘हाँटेड मॅन्शन’ ही भुताच्या वाड्याची राईड अशीच आहे. तिच्या शेवटी गाडी आरशांपुढून जाते तेव्हा आपल्या शेजारी एक भूत येऊन बसलेले दिसते. प्रवाशाने बोटही हलवलेले नसते, तरी त्या क्षणी तो गोष्टीतले पात्र होतो. फ्लोरिडातील डिस्नेच्या उद्यानात असाच एक वाडा आहे; तेथे 2011 साली या आरशांना संगणकाची जोड दिली गेली आणि तेव्हापासून भूत आपल्या डोक्याशी खोड्याही काढते. नातीने ‘नुसतेच बसतो’ म्हटले ते हातांपुरतेच खरे आहे.

गमतीचा भाग असा, की पहिल्या गाजलेल्या नेमबाजीच्या राईडांपैकी एक याच ऑम्निमूव्हरवर उभी राहिली. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानात 1972 साली एका विमान कंपनीच्या प्रायोजकत्वाने ‘इफ यू हॅड विंग्ज’ ही निवांत प्रवास घडवणारी राईड सुरू झाली होती. 1998 साली त्याच इमारतीत, त्याच मार्गावर, ‘बझ लाइटइयर्स स्पेस रेंजर स्पिन’ आली. गाडी आता कुठे वळावी हे प्रवाशाच्या हातातील दांडा ठरवू लागला आणि पुढ्यात बंदूक व गुणांचा आकडा आला. रचनाकाराने नजरेवरचा ताबा सोडला, पण त्या जागी प्रवाशाला मिळाली ती लक्ष्यांची चकचकीत चिन्हे. दोन वर्षांनी, 2000 साली, युनिव्हर्सल या दुसऱ्या उद्यान कंपनीने फ्लोरिडातीलच ऑर्लँडोमध्ये ‘मेन इन ब्लॅक : एलियन अटॅक’ आणली. तिच्यात दोन गाड्या शेजारून जात एकमेकींवरही नेम धरतात आणि नेम लागलेली गाडी गर्रकन फिरते. हे मला अधिक पटते, कारण येथे आपल्या नेमाचे फळ शेजारच्यांच्या किंकाळीत ऐकू येते. शेवटी वाट्याला शाबासकी येते की टोमणा, हेही गुणांवरच ठरते.

2008 साली आलेल्या ‘टॉय स्टोरी मिडवे मेनिया’ने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. तिच्यात देखावा आणि खेळ अशी दोन टोके नाहीतच, कारण खेळ हाच देखावा आहे. गाडी एकेका पडद्यापुढे थांबते आणि प्रवासी दोरी ओढून अंडी फेकतो, फुगे फोडतो, बशा फोडतो. जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडणाऱ्याला आपण देखावा चुकवला अशी हळहळ वाटत नाही. फुगे हाच त्याचा देखावा असतो. आपला मोठा राक्षस हुकला, कारण त्या राईडने एकाच वेळी ‘इकडे पाहा’ आणि ‘तिकडे नेम धरा’ असे दोन्ही सांगितले.

आणखी एका राईडचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. फ्लोरिडातील एपकॉट या डिस्नेच्या उद्यानात 1983 पासून 1999 पर्यंत ‘होरायझन्स’ नावाची राईड होती. भविष्यातील जीवनाचे देखावे दाखवत ती प्रवाशांना शेवटाकडे आणी आणि मग विचारी की परत कसे जायचे : वाळवंटावरून, समुद्राखालून की अंतराळातून? गाडीतील चौघांनी बटणे दाबायची आणि बहुमताने जे ठरेल तो शेवट पडद्यावर उलगडायचा. राईडभर प्रवासी शांतपणे पाहत असे, आणि त्याला एकदाच, नेमक्या जागी, मत विचारले जाई. नेम, वेग, सराव यांचा काही संबंध नव्हता. आजोबा, नात आणि अनोळखी सहप्रवासी यांच्या मतांना सारखीच किंमत होती आणि न पाहिलेल्या दोन शेवटांची ओढ मागे राहत असे. चाळीस वर्षांपूर्वीचे हे तंत्र आज कितीतरी सोपे आणि स्वस्त झाले असेल. तरीही उद्याने बंदुकांच्याच मागे आहेत, हे मला कोड्यात टाकते.

आपल्यासाठी व्यवहाराचा सल्ला एवढाच, की अशा राईडमध्ये शक्य असेल तर दोनदा बसावे आणि पहिल्या खेपेला बंदुकीला हातच लावू नये. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये ‘अलीबाबा और चालीस चोर’ ही नेम धरत जाण्याची राईड आहे. नातीला घेऊन तेथे हा प्रयोग ठाण्याहून एका दिवसात करता येईल.

प्रश्न : माझ्या आईंचे हात थरथरतात आणि त्यांची नजरही अधू झाली आहे. पुढील सुट्टीत आम्ही त्यांना घेऊन ऑर्लँडोला जाणार आहोत. अशा राईडांत त्यांना बसवावे का? त्यांच्यामुळे इतरांचा खेळ बिघडेल, अशी त्यांनाच भीती वाटते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : गुण प्रत्येकाचे वेगळे मोजले जातात अशा राईडांत आईंना खुशाल बसवा. एकही नेम लागला नाही तरी गाडी तितकीच चालते आणि शेवटही येतो. बझच्या राईडमध्ये आईंनी गाडी वळवण्याचा दांडा घ्यावा आणि आपण बंदूक घ्यावी, अशी वाटणी मला योग्य वाटते. मिडवे मेनियात मात्र दोरी पुन्हा पुन्हा ओढावी लागते आणि चार-पाच मिनिटांत धडधाकट माणसाचाही दंड भरून येतो, हे लक्षात असू द्यावे.

भीतीला थोडा आधार आहे तो ‘मिलेनियम फाल्कन : स्मगलर्स रन’ या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील यानावर बेतलेल्या, 2019 साली सुरू झालेल्या राईडबाबत. तिच्यात सहा जणांचा चमू असतो : दोन वैमानिक, दोन तोफची, दोन अभियंते. डावीकडचा वैमानिक यान डावी-उजवीकडे नेतो, उजवीकडचा ते खाली-वर करतो, आणि दोघांचे जमले नाही तर यान भिंतींवर आपटत जाते. त्याचे धक्के सहाही जणांना बसतात. रांगेत मागेपुढे असलेले अनोळखी लोक एकाच चमूत येऊ शकतात, म्हणून एखाद्या लहान मुलाच्या हाती यान गेले की मागच्या आसनांवरील प्रौढांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. आईंसाठी अभियंत्याचे आसन मागून घ्यावे. तेथे दिवा लागेल ते बटण दाबायचे असते आणि चुकले तरी फारसे बिघडत नाही. बटणे बाजूच्या भिंतीवर असल्याने समोरचे दृश्य पाहायचे की बटण शोधायचे, ही ओढाताण तेथेही आहे. आईंनी सरळ समोर पाहावे.

आणि बंदूक नको, धावपळ नको, तरी सहभाग हवा असेल, तर एपकॉटमधील ‘टर्टल टॉक विथ क्रश’ चुकवू नये. 2004 पासून चाललेल्या या कार्यक्रमात पडद्यावरचे कासव प्रेक्षकांतील मुलामाणसांशी समोरासमोर बोलते, प्रश्न विचारते आणि उत्तरावर हजरजबाबी शेरा मारते. पडद्यामागे एक जिवंत कलावंत असतो, म्हणून कोणतेही उत्तर चुकीचे ठरत नाही. संवाद इंग्रजीत असतो, तेवढी तयारी हवी.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. अशा राईडमध्ये प्रवाशाने केलेल्या कृतीने खरोखर काही बदलते का, की सारे आधीच ठरलेले असते? आणि राईड पूर्णपणे प्रवाशाच्या हाती का देत नाहीत? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. रुळांवरच्या राईडचा मार्ग ‘ब्लॉक’ नावाच्या टप्प्यांत विभागलेला असतो आणि पुढचा टप्पा रिकामा झाल्याखेरीज मागच्या गाडीला त्यात प्रवेश मिळत नाही. रेल्वेच्या सिग्नलचे तत्त्वही हेच आहे. प्रवाशाने मनाला येईल तेथे गाडी थांबवली तर मागच्या साऱ्या गाड्या थांबतील, आणि ताशी हजारो लोकांना फिरवणाऱ्या उद्यानाला ते परवडणारे नाही. म्हणून वेग आणि अंतर यंत्रणा स्वतःकडे ठेवते आणि प्रवाशाला गाडीची दिशा, नेम किंवा पडद्यावरील दृश्य एवढ्यावर अधिकार देते. सुरक्षिततेचा भाग वेगळाच. 1955 साली डिस्नेलँडच्या ‘ऑटोपिया’त छोट्या मोटारी मुलांच्या हाती मोकळ्या दिल्या होत्या. मुलांनी त्या डॅशिंग कारसारख्या एकमेकींवर आदळून मोडल्या आणि पुढे मार्गाच्या मधोमध रूळ बसवावा लागला. आजही तेथे चाक फिरवता येते, पण ते रुळाच्या मर्यादेतच.

या नियमाला एक रोचक अपवाद आहे. डोंगरउतारावरील ‘अल्पाइन कोस्टर’मध्ये ब्रेकचा दांडा प्रवाशाच्याच हाती असतो. वेग ताशी सुमारे 40 किलोमीटरच्या पुढे जाऊ नये म्हणून गाडीत यांत्रिक नियंत्रक असतो, पण पुढच्या गाडीपासून अंतर राखणे बऱ्याच अंशी प्रवाशाच्या शहाणपणावर सोडलेले असते. गर्दीच्या उद्यानात हे चालणार नाही, हे आपण अभियंता म्हणून सहज ओळखाल.

आता बदल खरा की खोटा? एपकॉटमधील ‘मिशन : स्पेस’ ही 2003 सालची राईड प्रवाशांना खरोखर गोल फिरवून अपकेंद्री बलाने उड्डाणाचा दाब अनुभवायला लावते. आतील चौघांना कमांडर, पायलट, नेव्हिगेटर आणि इंजिनियर अशी पदे मिळतात आणि ठरल्या क्षणी बटण दाबण्याची आज्ञा होते. कोणी ते दाबले नाही, तर काही सेकंदांनी संगणकच ते काम उरकतो आणि यान मंगळावर उतरतेच. हा सहभाग मला पोकळ वाटतो. ज्याचे बटण दाबणे आणि न दाबणे सारखेच, त्याला पद देऊन काय उपयोग? उलट स्मगलर्स रनमध्ये कितीही वाईट उड्डाण केले तरी राईड अर्ध्यावर संपत नाही, पण वाटेतले हादरे आणि शेवटचा हिशोब खरोखर बदलतो. कालावधी पक्का, अनुभव लवचीक, ही तडजोड अभियंत्यांनी विचारपूर्वक केली आहे.

नेमबाजीच्या यंत्रणा मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. खरे पुतळे आणि देखावे असतील तेथे बंदुकीतून न दिसणारे अवरक्त किरण सांकेतिक स्पंदांच्या रूपात जातात आणि लक्ष्यातील संवेदक तो संकेत वाचून नेम कोणत्या बंदुकीचा हे ओळखतो. दिसणारा लाल ठिपका असतो तो प्रवाशाच्या सोयीसाठी. एकाच भिंतीवर असे ठिपके गर्दीने नाचू लागले, की आपला कोणता हे कळेनासे होते, आणि ‘माझी बंदूक बिघडली आहे’ असे वाटण्याचे ते मोठे कारण असते. पडद्याची राईड असेल तर बंदुकीचा कोन मोजून पडद्यावरचा बिंदू गणिताने काढतात, त्यामुळे प्रत्येकाचा नेम वेगळ्या रंगात दाखवता येतो. तिसरा, नवा प्रकार हातवाऱ्यांचा आहे. कॅलिफोर्नियातील लेगोलँडची ‘निंजागो’ (2016) आणि डिस्नेची ‘वेब स्लिंगर्स’ (2021) यांत संवेदक हातांची हालचाल टिपतात. यात आपण हात झटकणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांत किंचित जरी अंतर पडले, तरी माणूस अधिकच जोरात हात झाडू लागतो. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा विलंब कमी करण्याचा प्रश्न घेण्यासारखा आहे.

प्रश्न : जपानमधील ओसाकाच्या युनिव्हर्सल उद्यानात निंटेंडो या व्हिडिओ गेम कंपनीच्या विभागात मनगटावरचा पट्टा विकत घ्यावा लागतो असे ऐकले. तो न घेता जाण्यात अर्थ आहे का? आम्ही दोघे आणि दोन मुले आहोत. — एक वाचक, पुणे

उत्तर : आहे. मार्च 2021 मध्ये उघडलेल्या त्या विभागातील मारिओ कार्टच्या राईडला पट्ट्याची अट नाही. डोक्यावर लावायची काच आणि गाडीचे सुकाणू सर्वांना मिळते. पट्टा लागतो तो बाहेरच्या परिसरात ठोकळ्यांवर ठोसे मारून नाणी जमवण्यासाठी आणि चाव्या मिळवण्याचे खेळ खेळण्यासाठी. मुले त्यात रमतील, मोठ्यांना त्याची गरज नाही, म्हणून चारऐवजी दोन पट्टे पुरतील. वेब स्लिंगर्सच्या बाहेर विकली जाणारी मनगटी उपकरणे मात्र राईडच्या आतही जास्तीची शक्ती देतात. तिकिटाचे पैसे मोजलेल्या माणसाला आतल्या खेळात वरचढ होण्यासाठी पुन्हा पैसे मोजायला लावणे मला मुळीच पसंत नाही. ऑर्लँडोतील युनिव्हर्सलच्या हॅरी पॉटर विभागातील जादूच्या कांड्यांचा प्रकार त्यामानाने सरळ आहे. 2014 पासून त्या दुकानांच्या खिडक्यांपुढे फिरवून कारंजी उडवता येतात, पण कोणत्याही राईडला त्यांची गरज पडत नाही. ओसाकाचे पट्टे घेतलेच तर ते सकाळी आत शिरताच घ्यावेत, कारण दुपारनंतर ठोकळ्यांपाशीही रांग लागते.